"मराठेशाहीत न्याय तोंडीच व्हायचा, कागद वगैरे काही नव्हतं"

हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय आणि खरा वाटणं साहजिक आहे, कारण गोष्टींमध्ये राजा दरबारात बसून दोन मिनिटात फैसला देताना दिसतो.

पण 1674 च्या राज्याभिषेकावेळच्या अष्टप्रधानांमध्ये न्यायाधीश हे वेगळं पदच होतं. आणि त्या काळात वतनाचा (पिढीजात हक्काचा) वाद आला की आधी दोन्ही बाजूंच्या लेखी तकरिरी (म्हणजे आपापलं म्हणणं), मग जामीन, मग 'राजीनामा', म्हणजे जो निवाडा होईल तो मान्य असं लिहून देणं (नोकरी सोडायचा अर्थ नंतरचा, गंमतच आहे). मग गोतसभा (गावच्या, परगण्याच्या वतनदार मंडळींची न्यायसभा) बसायची आणि महजर (सभेच्या निर्णयाचा कागद) व्हायचा, त्यावर हजर लोकांची नावं, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, शेट्याच्या (बाजारपेठेच्या प्रमुखाच्या) पुढे तराजू. शेवटी निवाडपत्र. जिंकणारा सरकारला हरकी (जिंकल्याची फी) भरायचा, हरणारा गुन्हेगारी (दंड). पुरावाच नसेल तर दिव्यही (खरं-खोटं ठरवायला देवाच्या नावाने घेतलेली कठीण परीक्षा) करायला लावायचे, ते काही लपवायचं कारण नाही, पण त्याचीसुद्धा लेखी नोंद व्हायची.

चेक कसं करायचं? पुण्यातल्या पेशवे दफ्तरात असले मोडी कागद ढिगाने आहेत. मोडी येत नसेल तर छापील महजर, निवाडपत्रं मोठ्या लायब्ररीत मिळतात, एक उघडून खालच्या निशाण्या बघा.