पायथन ‘रत्नागिरी’वर का अडतो: रोजच्या चुकांची पार्श्वभूमी

नोटपॅडमध्ये ‘रत्नागिरी’ एवढाच शब्द लिहून फाइल साठवा आणि विंडोजवरच्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेला ती साध्या ‘ओपन’ने वाचायला सांगा. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर यूनिकोडडीकोडएरर येतो: ‘चारमॅप’ कोडेकला (बाइटांची अक्षरे करणाऱ्या तक्त्याला) बाइट ०एक्स८डी वाचता येत नाही, पोझिशन ८. शब्द बदलून ‘दापोली’ करा. आता एरर नाही, पण पडद्यावर दापोलीऐवजी डोक्यावर टिंबे-रेघा असलेली युरोपीय अक्षरे उमटतात. ‘वेंगुर्ले’ लिहिले की प्रोग्राम पुन्हा अडतो, या वेळी बाइट ०एक्स८१, पोझिशन १४.

लॅबमधला मुलगा ‘काल चाललं, आज नाही’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते: काल यादीत दापोली, देवगड, मालवण होते, आज कुणीतरी रत्नागिरी घातली. पायथनमधल्या रोजच्या अडचणी लहरीने येत नाहीत. जवळजवळ प्रत्येकीमागे कुठल्यातरी सालचा एखादा निर्णय असतो. तो माहीत असेल तर उत्तर शोधायला पाच मिनिटे लागतात, नाहीतर अख्खी दुपार जाते.

वरच्या तीन गावांचा हिशेब असा आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘रत्नागिरी’त र ० ते २, त ३ ते ५ आणि हलंत ६ ते ८. हलंताचा तिसरा बाइट ८डी (हा आकडा सोळाच्या पद्धतीने लिहिलेला आहे). विंडोजची जुनी पश्चिम युरोपीय कोडपेज १२५२ म्हणजे २५६ खणांची पेटी. त्यातले पाच खण पायथनच्या लेखी रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू ८१ वर संपतात, ए ८एफवर, ऐ ९० वर, झ ९डीवर. म्हणून जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असलेले गाव अडते आणि नसलेले चुकीच्या अक्षरांत निमूट पुढे जाते. यातले निमूट जाणे जास्त घातक, कारण ती कचरा झालेली नावे पुढच्या फाइलमध्ये साठवली जातात आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

हे आले कुठून? गिडो व्हॅन रॉसम यांनी अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत असताना १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथनचे काम सुरू केले. ०.९.० ही आवृत्ती २० फेब्रुवारी १९९१ रोजी यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर बाहेर आली. सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना कोड देणाऱ्या यूनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच १९९१ सालातली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या आपल्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकावरून घेतलेली होती. पण तेव्हाच्या पायथनला मजकूर म्हणजे नुसती बाइटांची रांग. २००० च्या ऑक्टोबरमध्ये २.० आवृत्तीत यूनिकोडचा वेगळा प्रकार आला आणि ३ डिसेंबर २००८ च्या ३.० मध्ये मजकूर आणि बाइट कायमचे वेगळे झाले. ‘रत्नागिरी’ची लांबी २.७ मध्ये साध्या स्ट्रिंगला विचारली तर यूटीएफ-८ मध्ये २७ येते, ३ मध्ये ९. आपण मोजतो ती चार अक्षरे दोन्हीकडे मिळत नाहीत, कारण पायथन ३ हलंत, काना, वेलांटी यांना स्वतंत्र चिन्ह धरतो. रकाने जुळवताना हे लक्षात ठेवावे लागते.

एक गोष्ट मात्र ३.० मध्येही तशीच राहिली. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन ते ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. उबुंटू आणि मॅक यूटीएफ-८ सांगतात, विंडोज १२५२ सांगते. म्हणून कॉलेजच्या उबुंटू लॅबमध्ये नीट चाललेले प्रॅक्टिकल घरच्या लॅपटॉपवर पडते. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचे ‘रीड सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल वाचणारे फंक्शन) मात्र मुळातच यूटीएफ-८ धरते, त्यामुळे तीच फाइल तिथे उघडते आणि गोंधळ वाढतो. २०१८ च्या ३.७ पासून ‘पायथनयूटीएफ८’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ करून ही अडचण मशीनपुरती सोडवता येते, आणि ३.१५ पासून हेच मूळ वागणे राहील असा निर्णय पेप ६८६ या प्रस्तावाने झाला आहे. तोवर प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्वच्छ लिहिण्याला पर्याय नाही.

एक्सेलचा त्रास थोडा निराळा. मराठी असलेली शीट ‘सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड’ म्हणून साठवली तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात. त्या फाइलमधून मजकूर परत मिळत नाही, मूळ शीटच लागते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला तर मराठी टिकते, पण फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण येते. मग सीएसव्ही मॉड्यूलच्या डिक्टरीडरला ‘तालुका’ हा पहिला रकाना मागितला की कीएरर येतो, आणि छापून पाहावे तर रकान्याचे नाव ‘तालुका’च दिसते. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की ती खूण गळून पडते. पायथनमधून लिहिलेली फाइल डबल-क्लिकवर एक्सेलमध्ये नीट दिसावी असे वाटत असेल, तर लिहितानाही हेच एन्कोडिंग द्यावे.

जुन्या कार्यालयीन फाइलींना यातले काहीच लागू पडत नाही. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरात खरे तर रोमन आणि तत्सम अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यावर मराठी चित्र चढवतो. एन्कोडिंग कितीही बदलले तरी त्यातून मराठी निघत नाही. त्या-त्या फॉन्टचा तक्ता घेऊन चिन्हे बदलावी लागतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी या फॉन्टांत व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, यूनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. तक्ता चालवून झाल्यावर माणसाने वाचून तपासणे टाळता येत नाही.

आता मदतीच्या बाजूचा इतिहास. पायथनची यूजनेटवरची चर्चा १९९४ मध्ये सुरू झाली, पण भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोजक्या महानगरांत आले. पायथनने स्वतःच मदत बरोबर न्यायला सुरुवात केली ती २००१ मध्ये: २.१ मध्ये पायडॉक आणि २.२ मध्ये ‘हेल्प’ हे फंक्शन. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत वीज आणि नेट कित्येक दिवस गेले होते. अशा भागात नेटविना चालणारी ही सोय खरोखर कामाची आहे. ‘पायथन -एम पायडॉक -बी’ ही कमांड चार्ज असलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये सगळ्या मॉड्यूलची माहिती उघडते.

स्टॅक ओव्हरफ्लो सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाले, पायथन ३.० च्या जेमतेम अडीच महिने आधी. पुढची काही वर्षे तिथे आणि इतरत्र लिहिलेली बहुतेक उत्तरे पायथन २ ची होती, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला तरी ती उत्तरे शोधात अजून वर येतात. कंस नसलेला ‘प्रिंट’ किंवा ‘रॉ इनपुट’ दिसला की उत्तर जुने आहे हे ओळखावे. या दोन खुणा चुकतात तिथेच पकडल्या जातात. भागाकार पकडला जात नाही. पाच डझनी पेटीत ६० आंबे, तर १००० आंब्यांच्या पेट्या किती? पायथन २ मध्ये १००० भागिले ६० चे उत्तर १६, पायथन ३ मध्ये १६.६६६६६६६६६६६६६६८. पूर्ण पेट्या हव्या असतील तर दोन तिरक्या रेघांचा भागाकार, उरलेल्या ४० आंब्यांसाठी टक्क्याचे चिन्ह. तयार कोड सुचवणाऱ्या एआय सहायकांकडूनही जुने वळण येते: पांडाजमधले डेटाफ्रेमचे ‘अपेंड’ एप्रिल २०२३ च्या २.० आवृत्तीत काढून टाकले गेले, त्याजागी ‘कॉनकॅट’ वापरायचे.

पावसाच्या नोंदींत तारखांची चूक हमखास सापडते. आपण ०३/०६/२०२० म्हणजे ३ जून लिहितो. पांडाज आधी महिना धरते, म्हणून ते ६ मार्च वाचते. २.० पूर्वीच्या आवृत्त्या प्रत्येक तारीख स्वतंत्रपणे ओळखायच्या. त्यामुळे १३ ते ३० जून बरोबर यायचे आणि १ ते १२ तारखा बारा वेगवेगळ्या महिन्यांत पसरायच्या, फार तर एक इशारा छापून. निसर्गच्या दिवशीचा पाऊस मार्चच्या रकान्यात जाऊन बसायचा. २.० पासून पहिल्या तारखेवरून ठरलेला साचा सगळ्यांना लावला जातो. १ जूनपासून रोजची नोंद असेल तर ‘टू डेटटाइम’ १३ तारखेला अडते आणि पोझिशन १२ असे सांगते (मोजणी ० पासून). हा बदल पुष्कळांना जाचक वाटतो, पण चुकीच्या महिन्यात गेलेल्या पावसापेक्षा अडलेला प्रोग्राम केव्हाही बरा. ‘डेफर्स्ट’ (दिवस आधी) ट्रू द्या, किंवा साचा स्वतः लिहा.

त्याच तक्त्यात ‘निरंक’ असतो. एका खणातही हा शब्द असेल तर सगळा रकाना मजकूर ठरतो आणि बेरजेऐवजी आकडे एकमेकांना चिकटतात. ‘टू न्यूमेरिक’ला एरर्स ‘कोअर्स’ सांगा, असे उत्तर सर्रास मिळते. ते इथे चुकीचे आहे. कोअर्समुळे निरंक ‘माहिती नाही’ होतो, आपल्या दफ्तरी भाषेत मात्र निरंक म्हणजे शून्य. समजा ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत १५५ मिलिमीटर पाऊस झाला आणि २१ दिवस निरंक होते. रोजची सरासरी ५ यायला हवी, कोअर्सनंतर ती १५.५ येते. आधी निरंकच्या जागी ० घालावे, मग रूपांतर करावे, आणि ‘नोंद नाही’ एवढेच रिकामे ठेवावे. देवनागरी अंकांची भीती मात्र नको: पायथनचे ‘इंट’ ‘१५००’ हा मजकूर थेट आकड्यात बदलते. ‘१,५००’ मधला स्वल्पविराम तेवढा काढावा लागतो.

पॅकेज टाकूनही मॉड्यूलनॉटफाउंडएरर आला, तर बहुधा मशीनवर दोन पायथन असतात आणि पॅकेज बसवणारा पिप भलत्याच पायथनचा चालतो. नुसते ‘पिप’ न म्हणता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ म्हणावे. ‘व्हीएन्व्ह’, म्हणजे पॅकेजांचा वेगळा कप्पा करण्याची सोय, २०१२ च्या ३.३ पासून पायथनबरोबर येते. जून २०२३ च्या डेबियन १२ या लिनक्सपासून तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपला मनाईच आहे, त्यामुळे तिथे आधी व्हीएन्व्ह करूनच पॅकेज टाकायचे. नेट अशक्त असेल तिथे चांगल्या नेटच्या जागी ‘पिप डाउनलोड’ने फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि घरी ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ देऊन टाकाव्यात. दोन्ही मशीनवर पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकच हवी, कारण व्हील फाइल, म्हणजे तयार बांधलेले पॅकेज, पुष्कळदा त्या जोडीसाठीच बनलेली असते. चुकून ३२ बिटांचा पायथन टाकलेला असेल तर मोठ्या पॅकेजचे व्हील पुष्कळदा मिळत नाही, पिप मूळ कोडपासून बांधायला जातो आणि व्हिज्युअल सी++ मागतो. तेव्हा सी++ उतरवत बसू नये, ६४ बिटांचा पायथन टाकावा.

एरर वाचणे मात्र अलीकडे खूप सोपे झाले आहे. २०२० च्या ३.९ मध्ये पायथनचा पार्सर (कोडची रचना वाचणारा भाग) बदलला आणि त्याच्या जोरावर २०२१ च्या ३.१० मध्ये संदेश सुधारले. आधी कंस बंद करायचा राहिला तर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ पुढच्या, निर्दोष ओळीवर दाखवले जाई. आता कोणता कंस बंद झाला नाही ते त्या कंसापाशीच दाखवतात. २०२२ च्या ३.११ पासून ओळीतला नेमका भागही खुणेने दिसतो. आपल्याच फाइलला ‘रँडम’ नाव देऊन मूळ मॉड्यूल झाकले गेले, तर २०२४ च्या ३.१३ पासून पायथन फाइलचे नाव बदला असे सुचवतो. लॅबमध्ये ३.६ किंवा ३.८ असेल तर विद्यार्थ्यांना यातले काहीच मिळत नाही. नवी आवृत्ती टाकण्याचे एवढे एक कारण पुरेसे आहे.

प्रश्न विचारताना पडद्याचा फोटो पाठवू नये. एररची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची असते आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. मजकूर म्हणून पाठवताना व्हॉट्सअॅप अधोरेषा आणि तारे खाऊन शब्द तिरके-ठळक करू शकते, वर्डमधून गेलेल्या कोडची अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि पायथन यू+२०१सी हे अक्षर चालत नाही म्हणतो. कोड साध्या फाइलमध्ये जोडावा. सोबत पायथनची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, आणि चूक दाखवणाऱ्या आठ-दहा ओळी डेटाच्या दोन-तीन नमुन्यांसह द्याव्यात. अख्खा प्रोजेक्ट पाठवला तर समोरच्याला वाचायला रात्र लागते. पुष्कळदा आठ ओळींपर्यंत कोड कापत आणतानाच चूक सापडते.

मराठी मजकूर जुळत नसेल तर नमुना छापून न देता ‘एस्की’ या, प्रत्येक चिन्हाचा कोड दाखवणाऱ्या फंक्शनमधून काढून द्यावा. मासळीच्या यादीत ‘खाऱ्या’ पाण्याची बेरीज दोन ओळींत येते, दोन्ही ओळी हुबेहूब दिसतात, आणि ‘नॉर्मलाइझ’ (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणारे फंक्शन) करूनही एक होत नाहीत. एस्कीतून पाहिले की कळते: एकीत सहा चिन्हे आहेत, ऱ थेट ०९३१ या कोडचा. दुसरीत सात, साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा २००डी. ०९३०, ०९४डी, २००डी ही तिकडी आली की तिच्याजागी ०९३१, ०९४डी घालायचे. मग दोन्ही ओळींची बेरीज एकत्र येते.