अर्क, आतडे आणि मिठाचे पाणी : वनौषधींच्या ऊती-प्रयोगांची पार्श्वभूमी

जुलाब लागले की कुड्याची साल किंवा इंद्रजव, म्हणजे त्याचे बी, हा उपाय मेळघाटातल्या भूमकालाही, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूलाही, ठाऊक असतो आणि नागपूरच्या काष्ठौषधी विकणाऱ्यालाही. त्याच सालीचा अर्क प्रयोगशाळेत आतड्याच्या तुकड्यावर घातला, तर काय होते? विदर्भातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत असे प्रकल्प दरवर्षी होतात. आतडे सैल पडले की ‘पारंपरिक उपयोगाला पुष्टी मिळाली’ असे लिहून अहवाल बांधायला जातो. पण भांड्यातला तुकडा फक्त औषधाला उत्तर देत नाही. त्या पाण्यात जे जे असेल, त्या सगळ्याला देतो. या पद्धतीचा इतिहास बराचसा याच गोष्टीभोवती फिरतो.

1882 मध्ये लंडनचे सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान चालत होते. मग लक्षात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले गेले होते. शुद्ध पाण्यात बनवल्यावर हृदय लवकरच थांबू लागले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम ते काम करत होते, आणि 1883 मध्ये रिंगर यांनी तसे प्रसिद्ध केले. पुढे 1904 मध्ये हायडेलबर्गच्या रुडॉल्फ मॅग्नस यांनी सस्तन प्राण्याच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट, हवा दिलेल्या द्रावणात टांगला आणि त्याचे आकुंचन तरफेने फिरत्या ड्रमवर उतरवले. तो धूर दिलेला ड्रम, म्हणजे किमोग्राफ, कार्ल लुडविग यांनी 1847 मध्येच बनवला होता. आजचा ऑर्गन बाथ, म्हणजे ऊतीचा तुकडा टांगायचे भांडे, मूळचा मॅग्नस यांचाच. तरफेच्या जागी ट्रान्सड्यूसर, म्हणजे ओढ विजेच्या संकेतात बदलणारे साधन, आला, एवढेच.

आतड्यासाठी आजही चालणारे द्रावण मॉरिस टायरोड यांचे, 1910 चे. एका लिटरला सोडियम क्लोराइड 8 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.2, कॅल्शियम क्लोराइड 0.2, मॅग्नेशियम क्लोराइड 0.1, सोडियम बायकार्बोनेट 1, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.05 आणि ग्लुकोज 1 ग्रॅम. बाटलीवर ‘डायहायड्रेट’ असेल तर कॅल्शियम क्लोराइड 0.26 ग्रॅम घ्यावे लागते. कॅल्शियम वेगळे विरघळवून, बाकी सगळे पातळ झाल्यावर, ढवळत शेवटी घालायचे. नाहीतर कार्बोनेट-फॉस्फेटचा साका बसतो आणि द्रावण दुधाळ होते. दुधाळ द्रावण गाळून वापरणे म्हणजे कॅल्शियम काढून टाकणे. ग्लुकोज त्याच दिवशी घालावे, शिळ्या द्रावणात जंतू वाढतात.

आपल्याकडे रिंगर यांची गोष्ट अजून संपलेली नाही. बोअरचे पाणी, ज्याचा कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि तो बहुतांश कॅल्शियमचा आहे, त्यात सुमारे 2 मिलिमोलर (म्हणजे लिटरला 2 मिलिमोल) कॅल्शियम असते. टायरोडमध्ये ते 1.8 असते. म्हणजे अशा पाण्यात द्रावण बनवले तर कॅल्शियम दुपटीच्या घरात जाते, आकुंचन वाढलेले दिसते आणि पेशीत कॅल्शियम शिरण्याचा मार्ग अडवणारा अर्क उगाच दुबळा ठरतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही भागांत फ्लोराइडही आहे. ऊर्ध्वपातनाचे यंत्र बंद पडले की ‘आजच्यापुरते फिल्टरचे चालवू’ म्हणणे इथे महागात पडते.

वनस्पतीच्या अर्कांबद्दलचा पहिला मोठा धडा अर्गटने दिला. अर्गट म्हणजे राय या धान्यावर वाढणारी बुरशी. तिच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते. हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर यांना 1910 मध्ये त्या अर्कात हिस्टामिन सापडले, आणि 1914 मध्ये आर्थर युइन्स यांनी अर्गटमधूनच ॲसिटिलकोलिन वेगळे केले. दोन्ही आतड्याचे आकुंचन घडवणारी रसायने. अर्गटची म्हणून जी खास अल्कलॉइड्स ओळखली जातात, त्यांत ही दोन्ही येत नाहीत. काढा रात्रभर मे महिन्याच्या उकाड्यात उघडा राहिला की जंतू प्रथिनांपासून हिस्टामिनसारखीच अमाइन्स (नायट्रोजनयुक्त संयुगे) तयार करतात. म्हणून पाण्यात भिजवायचे तर क्लोरोफॉर्म-पाणी वापरतात, भांडे थंड ठेवतात आणि अर्क 50 अंशांच्या आत सुकवतात. खाजकुइलीचे बी कुटताना शेंगेवरची कूस मिसळली, तर तिच्यातले सेरोटोनिन, हेही असेच एक अमाइन, आतड्यावर आपला प्रताप दाखवते आणि श्रेय बियाला मिळते.

भारतात या कामाला शिस्त लावली ती कर्नल रामनाथ चोप्रा यांनी, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये. देशी औषधांवरचा त्यांचा ग्रंथ 1933 चा. सर्पगंधेचा प्रवास सर्वांना माहीत आहे: 1931 मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून वेगळे केलेले अजमलीन हे अल्कलॉइड, 1949 मध्ये मुंबईच्या रुस्तम वकील यांचा रक्तदाबावरील लेख, 1952 मध्ये रेसर्पीन हे तिच्यातलेच दुसरे अल्कलॉइड. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने 1960 च्या दशकात 50 टक्के अल्कोहोलचा एकच अर्क करून शेकडो वनस्पती चाळण्याचा मार्ग घेतला. त्यातूनच ‘अर्क करा, आतड्यावर टाका’ ही सवय महाविद्यालयांपर्यंत झिरपली. चाळणीचे पुढचे टप्पे मात्र झिरपले नाहीत.

त्यातला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा पोटॅशियमचा. टायरोडमध्ये ते 2.7 मिलिमोलर असते. समजा, पाण्याच्या सुक्या अर्कात 5 टक्के पोटॅशियम आहे आणि बाथमध्ये मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम अर्क गेला. तर एकट्या अर्काने 6.4 मिलिमोलर भर पडते. आकुंचन तेवढ्यानेही येते. ताळा सोपा आहे: तेवढ्याच अर्काची राख करून, पाण्यात विरघळवून, सामू 7.4 ला आणून त्याच तुकड्याला द्यायची. राखेनेही तसेच आकुंचन आले तर सेंद्रिय घटकांची चर्चा थांबवावी. हे न करता ‘कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलिनसारखा) परिणाम’ असे लिहिणारे प्रबंध थोडे नाहीत.

उलट दिशेची फसवणूक टॅनिनची, म्हणजे वनस्पतीतल्या तुरट द्रव्यांची. हिरडा, पळसाची साल, कच्चे बेल यांचे अर्क ऊतीच्या पृष्ठभागावरची प्रथिने कातडे कमावावे तशी अक्षरशः कमावतात. आकुंचन दबते, आलेख सपाट होतो, विद्यार्थी खूश. ओळखायची खूण एकच: तीन-चार वेळा धुऊनही ॲसिटिलकोलिनचा प्रतिसाद परत येत नाही. खरा अवरोधक बहुधा धुऊन जातो, निदान हळूहळू तरी. मिठाच्या पाण्यातल्या 1 टक्का जिलेटिनने अर्क फुटला तर टॅनिन आहे असे समजावे. रिठा-शिकेकाईसारख्या सॅपोनिनवाल्या (फेस आणणाऱ्या) अर्कांचेही तेच. ते पेशींची आवरणेच विस्कटतात.

कराचीच्या आगा खान विद्यापीठात अन्वर गिलानी यांच्या गटाने सशाच्या आतड्यावर 80 मिलिमोलर पोटॅशियमने आकुंचन आणून मग अर्क वाढवत जाण्याची रीत रूढ केली. सैल पडण्यामागे कॅल्शियमचा मार्ग बंद होणे आहे का, ते यातून कळते. कुड्याच्या बियांवरही त्यांनी काम केले. गिनीपिगच्या आतड्यावर तो अर्क आकुंचन आणतो, सशाच्या आतड्यावर सैल करतो. एकाच प्राण्यावर थांबले असते तर अर्धेच हाती लागले असते.

आणि कुडा कोणता? पांढरा कुडा, होलार्हेना, त्याचे इंद्रजव कडू. काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया, विदर्भाच्या जंगलात तोही भरपूर, पण त्याचे इंद्रजव गोड. बाजारात दोन्ही एकाच पोत्यात येतात. फुला-शेंगांसह वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्र विभागात तपासून, क्रमांक घेऊन ठेवल्याशिवाय दळायला सुरुवात करू नये.

प्राण्यांचे नियमही या इतिहासाचा भाग आहेत. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे प्रयोगांविषयीचे नियम यांमुळे संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय गिनीपिगला हात लावता येत नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकांत आता संगणकावरचे आलेख आले आहेत, पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये बनलेले ‘एक्सफार्म’ त्यांपैकी एक. तालुक्याच्या गावी उरतो तो खाटिकखान्यातला बकऱ्याचा श्वासनलिकेचा तुकडा. अडुळशासारख्या दम्याच्या वनस्पतींसाठी तो चांगला चालतो. कापल्याबरोबर थंड क्रेब्स द्रावणात (टायरोडसारखेच दुसरे क्षारद्रावण), थर्मासमधून आणायचा. कडी कापून, स्नायूच्या समोरच्या बाजूची कूर्चा छेदून, पाच-सहा कड्या दोऱ्याने बांधून साखळी करायची. सुमारे 1 ग्रॅम ताण, 37 अंश, निदान 45 मिनिटे स्थिरावू द्यायचे आणि दर 15 मिनिटांनी द्रावण बदलायचे. क्रेब्सला 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला ऑक्सिजन लागतो. नुसता मत्स्यालयाचा पंप लावला तर सामू चढतो आणि साका बसतो. सिलिंडर नसेल तर टायरोड घ्यावे. वीज गेली की हवाही थांबते, म्हणून पंपाला बॅटरी हवीच. मे महिन्यात आणखी एक अडचण: बाथचा थर्मोस्टॅट फक्त तापवतो, थंड करत नाही. खोली 42 अंशांवर असेल तर बाथ 37 वर राहत नाही. प्रयोग पहाटे उरकावा किंवा कूलरऐवजी एसी असलेली खोली मागावी.