दहशतवाद खटल्यांतील न्याय्य सुनावणी (नागपूर)

दहशतवादाच्या आरोपाखाली पकडलेल्या माणसालाही आरोप काय ते कळले पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली पाहिजे आणि गुन्हा शाबीत होईपर्यंत त्याला निर्दोष मानले पाहिजे. हा हक्क राज्यघटनेच्या कलम २०, २१ आणि २२ मधून येतो. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ मध्येही तो आहे आणि भारत १९७९ पासून त्या कराराला बांधील आहे. नागपुरात हा विषय पुस्तकातला राहत नाही. वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृह आहे, सिव्हिल लाइन्समध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, आणि गडचिरोलीतले नक्षल खटले अपिलात इथेच येतात.

शहराचे या विचाराशी जुने नाते आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विवियन बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारला वाटेल तो खटला विशेष न्यायालयाकडे धाडण्याची मुभा देणारी पश्चिम बंगालच्या कायद्यातली तरतूद १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटल्यात बहुमताने रद्द झाली. त्या बहुमतात बोस होते.

दहशतवादविरोधी कायद्यांपैकी टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये मागे घेतला गेला आणि दहशतवादाविषयीच्या तरतुदी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्यात, म्हणजे यूएपीएत, आल्या. टाडात पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे. यूएपीएत तो चालत नाही, ही मोठी सुधारणा. मात्र २००८ च्या दुरुस्तीने दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येते आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाकारावाच लागतो. म्हणून या कायद्यात कच्च्या कैद्याची वर्षेच्या वर्षे तारखांमध्ये जातात. सुनावणी लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर राज्यघटनेच्या कलम २१ च्या आधारे जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नजीब निकालात सांगितले. त्या आरोपीची तोवर पाच वर्षांहून अधिक कोठडी झाली होती.

जामिनाचे दार असे जवळजवळ बंद असल्यामुळे खटला चालवण्याच्या मंजुरीला महत्त्व येते. यूएपीएच्या कलम ४५ प्रमाणे सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालयाला खटल्याची दखल घेता येत नाही. मंजुरीआधी स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासून शिफारस करायची, त्याला सात कामकाजी दिवस, आणि त्यानंतर सरकारला आणखी सात. या टप्प्याला ‘तांत्रिक बाब’ म्हणणे मला पटत नाही. पोलिसांनी गोळा केलेले कागद पोलीस नसलेला माणूस इथे पहिल्यांदा वाचतो.

प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात नेमका हाच टप्पा चुकला. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे, चाकाच्या खुर्चीवर असलेले साईबाबा मे २०१४ मध्ये अटक झाले. माओवादी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोली सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप दिली. त्यांच्यावर आरोप निश्चित झाले फेब्रुवारी २०१५ मध्ये, मंजुरी आली एप्रिलमध्ये. इतर आरोपींच्या बाबतीत तपासणी अधिकाऱ्याचा अहवाल अर्ध्या पानाचा होता. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच मुद्द्यावर सर्वांना सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन निकालाला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी वेगळ्या न्यायमूर्तींनी पुन्हा निर्दोष ठरवले. या वेळी पुरावाही खोलात तपासला गेला: घरझडतीचा पंच निरक्षर होता आणि झडती सुरू असताना तो बाहेरच होता. ज्या संगणकीय साहित्यावर सगळा खटला उभा, त्याच्या जप्तीचाच भरवसा राहिला नाही. ७ मार्चला साईबाबा कारागृहाच्या दारातून खुर्चीवरच बाहेर आले. सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

कारागृहाच्या आत या कैद्यांची वेगळी दुनिया असते. साईबाबांना ठेवलेला अंडा सेल म्हणजे अंडाकृती भिंतीआडच्या अति सुरक्षा खोल्या. इथे मुलाकात आणि वकिलाची भेट यांना हक्काइतकेच मोल असते, कारण बचावाची तयारी तिथूनच होते. आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर वकिलाच्या हक्काची जाणीव देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अजमल कसाबच्याच अपिलात ठरवले. नागपूरच्या याच कारागृहात ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला फाशी झाली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीनच्या सुमारास त्याचे म्हणणे ऐकले. त्यावर टीका झाली, पण परत न घेता येणाऱ्या शिक्षेआधी ऐकून घेणे योग्यच होते.

मुंबईतील २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले आणि काहींची सुटका नागपूरच्या कारागृहातून झाली. राज्याच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या घरच्यांच्या हाती पक्के उत्तर नव्हते. त्या बारांपैकी फाशीची शिक्षा झालेला एक कैदी २०२१ मध्येच नागपूरच्या कोठडीत असताना कोविडने गेला होता. साईबाबांच्या खटल्यातला गडचिरोलीचा आदिवासी सहआरोपीही ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या निकालाच्या दोन महिने आधी, कोठडीतच वारला.