मान्यता कंपनीला असते, झाडावर चढणाऱ्याला नव्हे

ब्रिटनमध्ये झाडं छाटून घेणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: ठेकेदाराकडे मान्यता असली की बाकी काही विचारायला नको. हे चूक आहे. आर्बोरिकल्चरल असोसिएशन, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्यांची तिथली संघटना, हिची मान्यता कंपनीला मिळते. चेनसॉचं (यांत्रिक साखळी-करवतीचं) प्रमाणपत्र मात्र माणसाला, आणि तेही कामागणिक वेगळं. जमिनीवर ओंडके कापायला शिकलेला माणूस तेवढ्यावर दोराला लटकून चेनसॉ चालवायला पात्र ठरत नाही.

दुसरी गफलत दोर आणि हार्नेसची, म्हणजे चढणाऱ्याच्या अंगावर बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्यांची. चढणारा रोज कामाआधी तपासतो, ते हवंच. पण पुरेसं नाही. उचलण्याच्या साधनांविषयीच्या १९९८ च्या ब्रिटिश नियमांनुसार (लोलर, LOLER) या साधनांची साधारणपणे दर ६ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी लागते. तिचा अहवाल मागा आणि त्यातला अनुक्रमांक हार्नेसच्या लेबलशी जुळवून पाहा. नुसती तारीख बघून काही कळत नाही, अहवाल भलत्याच हार्नेसचा असू शकतो. घर्षणाच्या उष्णतेने चकाकून कडक झालेला दोर किंवा दार आपोआप न मिटणारा कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) दिसला, तर तो तिथेच बाद.

आणि एकटाच माणूस चढत असेल तर काम सुरूच होऊ देऊ नका. खाली दुसरा हवा, तोही वर चढून सुटका करायला शिकलेला, स्वतःचा हार्नेस नि दोर हाताशी ठेवलेला. जखमी माणूस वर लटकलेला असताना अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.