कारो-कान की फ्रेंच? प्रश्न एका उंटाचा आहे

बुद्धिबळात पांढऱ्याने पहिल्या चालीला ई४ केलं, म्हणजे प्यादं ई४ या घरावर नेलं, की काळ्याकडे दोन भक्कम उत्तरं असतात, दिसायला अगदी जुळी: सी६ म्हणजे कारो-कान बचाव, ई६ म्हणजे फ्रेंच बचाव. पांढऱ्याच्या डी४ला दोन्हींत डी५ हेच उत्तर. म्हणूनच नवशिके एकीच्या चाली दुसरीत घुसडतात.

बघायचं ते काळ्याच्या सी८वरच्या उंटाकडे. फ्रेंचमध्ये ई६चं प्यादं नेमकं त्याच्या वाटेत उभं असतं. तिसऱ्या चालीला पांढऱ्याने ई५ रेटलं की हा उंट बराच वेळ कोंडून पडतो. कारो-कानमध्ये त्याच ई५ला उंट सरळ एफ५वर येतो आणि मग ई६ करून मागचं दार लावायचं. क्रम उलटा झाला, तर तुम्ही फ्रेंचच खेळताय, तेही एक चाल वाया घालवून.

वाया कशी? ई५नंतर डी४च्या प्याद्याला हादरा द्यायचा तर सी५ हवंच. फ्रेंचमध्ये ते एका झटक्यात होतं; पाठोपाठ घोडा सी६वर, वजीर बी६वर, सगळा रोख डी४वर. कारो-कानवाल्याने सी६वर एक चाल आधीच खर्च केलेली असते. उंटाच्या मोकळेपणाची ही किंमत.

पांढऱ्याने तिसऱ्या चालीला डी५वर प्याद्यांची मारामारी केली, तर फ्रेंचमध्ये दोन्हीकडची प्यादी सारखी होतात, उंटही सुटतो आणि डाव बऱ्याचदा मिळमिळीत होतो. कारो-कानमध्ये रचना वेगवेगळी राहते, जिंकायला वाव उरतो.

फ्रेंचला कोंदट म्हणून हिणवू नये. १९७४च्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात कोर्चनॉयच्या फ्रेंचविरुद्ध त्याचा प्रतिस्पर्धी कार्पोव्हला एकही डाव जिंकता आला नव्हता. गंमत म्हणजे पुढे कार्पोव्हने स्वतः काळ्याकडून कारो-कान आपलीशी केली.

पहिल्यांदाच शिकत असाल तर मी कारो-कानच सुचवेन. पाठांतर कमी लागतं. पण भक्कम आहे म्हणून डोळे मिटून खेळू नका. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी३वर आला, तुम्ही ई४चं प्यादं मारलंत, त्याच्या घोड्याने परत मारलं, तुम्ही घोडा डी७वर ठेवलात. आता पांढऱ्याचा वजीर गुपचूप ई२वर येतो. इथे सवयीने दुसरा घोडा एफ६वर काढलात, की त्याचा घोडा डी६वर: शह आणि मात. ई७च्या प्याद्याने तो मारावासा वाटेल, पण समोरच्या वजिराचा रोख त्याच्या मागच्या राजावर असल्यामुळे ते जागचं हलू शकत नाही.