लघुहोड्या, मकॉ व नु-चा-नुल्थ

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर देवमाशांची शिकार करणाऱ्या मूळ रहिवाशांनी लाकडात कोरलेल्या होड्यांच्या लहान प्रतिकृती. कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नु-चा-नुल्थ (जुन्या ग्रंथांत ‘नूटका’) व त्यांचे शेजारी डिटिडाट, तसेच सामुद्रधुनीपलीकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील केप फ्लॅटरी भूशिराजवळचे मकॉ, यांच्यात ही कारागिरी आढळते. बहुतेक नमुने वीतभर ते हातभर लांबीचे व प्रामुख्याने तांबड्या सीडारचे असतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार हे मुळात परक्या गिऱ्हाइकांसाठीचे काम असून, इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचा 1778 मधील नूटका साउंड (व्हँकूव्हर बेटावरील खाडी) येथील मुक्काम व त्यामागोमाग वाढलेला समुद्री ऑटरच्या (पाणमांजराच्या) कातड्यांचा व्यापार यांतून ते सुरू झाले. ऑझेट येथील उत्खननानंतर (1970–81) हे मत पूर्वीच्या जोमाने मांडता येत नाही. चिखलाच्या लोंढ्याखाली गाडल्या गेलेल्या या मकॉ वस्तीत 55,000 हून अधिक वस्तू मिळाल्या. ओल्या, हवाबंद चिखलामुळे लाकूडही टिकले होते. त्यांत खेळण्यांत मोडतील अशा छोट्या होड्याही आहेत. लोंढ्याचा काळ निश्चित नाही. 26 जानेवारी 1700 च्या मोठ्या भूकंपाशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र ‘साधारण 300 ते 500 वर्षांपूर्वी’ असे म्हणणे अधिक सुरक्षित. यातला कोणताही काळ धरला तरी गाडलेली घरे कुकच्या आधीची ठरतात. तेव्हा लहान होडी कोरण्याची चाल जुनी आणि विक्रीसाठीचा थाट नंतरचा, असे मानणे सयुक्तिक वाटते.

प्रतिकृती व मूळ होडी यांचे नाते दिसते तितके सरळ नाही. शिकारीची होडी सुमारे 10–11 मी. लांब असून तीत आठ जण बसत. ती एकाच ओंडक्यातून, आधी अरुंद कोरली जाई. मग तीत पाणी भरून तापलेले दगड टाकत. वाफेने लाकूड मऊ झाले की आडव्या काठ्या घालून बाजू फाकवत. त्या फाकताना दोन्ही टोके किंचित वर उचलली जात. लघुहोडीत ही पायरीच नसते. फाकल्यानंतरचा आकार कारागिराला थेट वाकस व वाकड्या पात्याच्या चाकूने काढावा लागतो. मोठ्या होडीची नाळ (पुढचे टोक) वेगळ्या तुकड्याची, खुंट्यांनी जोडलेली असते. लहानीत ती बहुधा त्याच ठोकळ्यातून निघते. शिवाय लांबी आखडून टोके ठळक करण्याकडे कल असतो. त्यामुळे नमुना मोजून प्रमाणाने गुणून मूळ होडीची मापे काढणे फसवे ठरते. आकारासाठी मात्र नमुने मोलाचे आहेत: उत्तरेकडील ‘शीर्ष-होडी’ हा लुप्त प्रकार मुख्यतः प्रतिकृती व जुनी रेखाटने यांवरूनच ज्ञात आहे.

ओळखीची खूण म्हणजे नाळ. ती पुढे झुकलेली, प्राण्याच्या मुस्कटासारखी असते. तिच्यावर हार्पून (देवमाशासाठीचा दोरी बांधलेला भाला) टेकवण्यासाठी खाच असते. मागची बाजू जवळजवळ उभी, तळ सपाट. बाहेरून कोळसा व तेलाचा काळा रंग, आतून गेरूचा तांबडा. लाकूड गुळगुळीत करण्यासाठी या किनाऱ्यावर मुशीचे कातडे वापरत. हैडा व इतर उत्तरेकडील जमातींच्या नमुन्यांवरील भरगच्च रंगकाम येथे सहसा नसते.

काही नमुन्यांत माणसेही असतात. नाळेपाशी हार्पूनवाला उभा, मागे वल्हेकरी. हार्पून फेकत नसत, दोन्ही हातांनी खुपसत. म्हणून दांडा यू वृक्षाच्या जड लाकडाचा व कित्येक मीटर लांब असे. प्रतिकृतीत तो प्रमाणात दाखवणे कठीणच. सोबत हार्पूनच्या दोरीला बांधायचे सीलच्या कातड्याचे फुगेही कोरलेले असतील, तर प्रसंग देवमाशाच्या शिकारीचा हे निश्चित.

नीआ बे या मकॉ गावात शिक्षक असलेल्या जेम्स स्वॉन याचे मकॉंवरील वर्णन 1870 मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केले. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनासाठीही त्याने या किनाऱ्यावरून वस्तू जमवल्या. ऑझेटचा संग्रह 1979 पासून नीआ बे येथील मकॉ संग्रहालयात आहे.