लिंपेट-शैवाल वितरण

खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर लिंपेट (शंकूच्या टोपीसारख्या कवचाची गोगलगाय) आणि तिचे खाद्य असलेले शैवाल कोणत्या उंचीवर व किती दाट आढळते, याचा अभ्यास. नाशिकला समुद्र नाही, तरी कल्पना ओळखीची आहे. गोदेचा पूर किती चढला, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्या-कमरेवरून सांगतो. किनाऱ्यावरचा कातळही तसाच वाचतात. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि खुणा सजीवांच्या असतात. वर बारीक लिटोरिना शंख, त्याखाली बार्नेकल (दगडाला कायमचे चिकटलेले छोटे कवचधारी प्राणी) व कालवे, मधल्या पट्ट्यात लिंपेट, पाण्यालगत सरगॅसमसारखे तपकिरी शैवाल.

मोजणीसाठी ५० सेंमी बाजूची चौकट वापरतात. तिच्यात दर १० सेंमीवर दोरा ताणला की २५ घरे पडतात. एक घर म्हणजे ४ टक्के. लिंपेट मोजायचे, शैवालाचे आच्छादन टक्क्यांत लिहायचे. लिंपेट उपटू नये. चरून झाल्यावर तो आपल्या ठरलेल्या जागी परततो आणि त्याच्या कवचाची कड त्या जागच्या दगडाशी तंतोतंत जुळलेली असते. कोकणातल्या कातळावर सेलाना हा खरा लिंपेट भेटतो आणि सायफोनारिया हा तोतयाही. सायफोनारिया हवेत श्वास घेतो आणि त्याच्या कवचाची एक बाजू किंचित फुगलेली असते. दोघांची एकत्र मोजणी ही नवख्यांची नेहमीची चूक.

काम उधाणाच्या ओहोटीत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास करावे. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या सौम्य भरती-ओहोटीत, पाणी पुरेसे उतरत नाही. मुंबईकडे उधाणाची भरती साधारण दुपारी व मध्यरात्री येते, म्हणून कातळ सकाळी सहा-सातला उघडा पडतो. नाशिकच्या सहलीला आदल्या रात्रीच निघावे लागते. पावसाळ्यानंतर हिवाळाभर शैवाल भरात असते. उन्हाळ्यात वरचा पट्टा करपतो.

लिंपेट जास्त तिथे शैवाल कमी, असे आकडे वारंवार मिळतात. त्यावरून ‘लिंपेटने खाल्ले’ म्हणणे घाईचे आहे. दोघांनाही उंची, ऊन आणि लाटांचा मारा वेगवेगळा मानवत असेल. कारण कळते ते लिंपेट हटवून पाहिल्यावर. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर १९४० च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ एन. एस. जोन्स यांनी एका पट्ट्यातले लिंपेट काढले, तेव्हा तिथे आधी हिरवे आणि मग फ्यूकस हे तपकिरी शैवाल माजले. १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ या फुटलेल्या तेलवाहू जहाजातून सांडलेले तेल धुण्यासाठी फवारलेल्या रसायनांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचे लिंपेट मारले आणि नको असताना तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. खडक हिरवेगार झाले. घडी बसायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

चौकटीचा सराव गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर करता येतो, पाय जपून. लिंपेट तिथे नाहीत, पण डोळा बसतो. दोघांनी एकच चौकट एकमेकांना न सांगता वाचावी. एकाचे ४० टक्के आणि दुसऱ्याचे ६४ आले, तर सहा घरांवर मतभेद आहे, आणि चौकट पुन्हा ठेवावी.